गेन्सबरोच्या दोन मुली आणि एक फुलपाखरू



पावसाळा सरू लागला की बांधावर, परसात, शाळेच्या कुंपणाशी पांढरी फुलपाखरे भिरभिरू लागतात. त्यांच्या मागे कधी धावलेच नाही असे पोर खेड्यात सापडायचे नाही. फुलपाखरू कुठे तरी टेकते, मुलाचे पाऊल आपोआप हलके पडते, श्वास रोखला जातो, अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट पुढे जाते, आणि नेमके त्याच क्षणी फुलपाखरू उडते. आज ज्या चित्राविषयी मला बोलावयाचे आहे त्यात एवढीच हकीकत आहे. फक्त त्यातले फुलपाखरू अजून उडालेले नाही. गेली पावणेतीनशे वर्षे ते बसलेच आहे आणि मुलीचा हात पुढे आलेलाच आहे.

चित्र इंग्लंडातले आहे, सुमारे १७५६ सालचे. आपल्याकडे तेव्हा पुण्यात नानासाहेब पेशव्यांचा कारभार चालू होता आणि पानिपत अजून पाच वर्षे दूर होते. चित्रकाराचे नाव थॉमस गेन्सबरो. चित्रातल्या दोन्ही मुली त्याच्याच पोटच्या. थोरली मेरी, धाकटी मार्गारेट. लंडनच्या नॅशनल गॅलरी नावाच्या मोठ्या चित्रसंग्रहालयात हे चित्र आहे. हेन्री व्हॉन नावाच्या एका रसिकाने मृत्युपत्रान्वये ते देऊन ठेवले होते आणि १९०० साली ते तेथे आले. आकार फार मोठा नाही, उंची सुमारे पावणेचार फूट आणि रुंदी साडेतीन फूट. घराच्या खिडकीएवढे म्हणा ना.

आता चित्र डोळ्यांपुढे आणू. मागे दाट, काळोखी झाडी आहे. पाने सुटी सुटी दिसत नाहीत, नुसता अंधार हिरवट-तपकिरी होऊन उभा आहे. त्या अंधारातून दोन मुली पुढे आल्या आहेत आणि सारा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवर, हातांवर आणि लांब झग्यांवर पडला आहे. डावीकडे धाकटी मार्गारेट. वय चार-पाच वर्षांचे. तिचे सारे अंग पुढे झेपावले आहे आणि एक हात लांबवलेला आहे. उजवीकडे तिच्याहून दीडेक वर्षाने मोठी मेरी पिवळ्या झग्यात आहे. तीही फुलपाखराकडेच पाहते आहे, पण तिचे अंग तितके झुकलेले नाही. एका हाताने तिने आपला कमरेचा एप्रन सावरून धरला आहे. कदाचित त्यात फुलपाखरू टिपायचे तिच्या मनात असेल. दुसऱ्या हाताने तिने धाकटीचा हात पकडला आहे.

आणि फुलपाखरू कुठे बसले आहे? चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, एका काटेरी झुडपावर. इंग्लंडात त्याला थिसल म्हणतात. आपल्या माळावर उंटकटारा असतो, निळसर गोल बोंडाचा आणि हात लावला की ओरबाडणारा, त्याच्याच कुळातले ते थंड मुलखातले भावंड. म्हणजे मार्गारेटची चिमूट ज्याच्या दिशेने निघाली आहे ते पांढरे, नाजूक, हलते काही तरी काट्यावर टेकलेले आहे. तिला काटा दिसत नाही, तिला फक्त पांढरे पंख दिसतात. मेरीला काटा दिसतो की नाही हे सांगता येत नाही. पण तिच्या चेहऱ्यावर किंचित थबकल्यासारखा भाव आहे. थोरल्या भावंडाला असे थबकायला फार लवकर शिकावे लागते, हे ज्या घरात दोन मुले आहेत तेथे वेगळे सांगायला नको.

हे पाहणारा तिसरा माणूसही तेथे आहे, फक्त तो चौकटीबाहेर उभा आहे. तो म्हणजे बाप. काटा त्याला दिसतो आहे, कारण त्यानेच तो रंगवला आहे. चित्रकार म्हणून त्याला तो हात तसाच हवा आहे, पुढे आलेला, न टेकलेला. बाप म्हणून त्याला काय वाटत असेल? या प्रश्नानेच मी या चित्रापाशी थांबलो.

गेन्सबरो मूळचा गावाकडचा माणूस. इंग्लंडच्या पूर्व भागात सफोक नावाचा परगणा आहे. त्यातल्या सडबरी या लोकरी कापडाच्या गावी १७२७ साली तो जन्मला. नऊ भावंडांत शेवटचा. बापाचा कापडाचा धंदा होता, तो पुढे बसला आणि घराला ओढगस्तीचे दिवस आले. पोराला शाळेपेक्षा ओढा-नाल्याची ओढ जास्त. त्याच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात ती शिक्षक मंडळींना आवडेल. आज थॉमसला सुटी द्यावी, अशी चिठ्ठी त्याने वडिलांच्या अक्षराची हुबेहूब नक्कल करून मास्तरांना दिली आणि दिवसभर झाडांची चित्रे काढत रानात बसला. लबाडी उघडकीस आली तेव्हा वडील संतापले. पण त्या दिवशी काढलेली चित्रे पाहिल्यावर त्यांचा सूर बदलला, असे म्हणतात. गोष्ट कितपत खरी ते देव जाणे, पण स्वभावाला धरून आहे. तेराएक वर्षांचा असताना तो शिकायला लंडनला गेला, तेथे काही वर्षे राहून पुन्हा आपल्या मुलखात परतला, आणि १७५२ च्या सुमारास इप्स्विच या बंदराच्या गावी बिऱ्हाड करून राहिला. आपले चित्र तेथलेच.

त्याची एक अडचण होती आणि ती जन्मभर सुटली नाही. त्याचे मन रमायचे झाडाझुडपांत, पायवाटांत, पाणंदीत, ढगांत. परंतु झाडांच्या चित्राला गिऱ्हाईक नव्हते. पैसे मिळत ते माणसांच्या चेहऱ्यांचे. जमीनदार, व्यापारी, पाद्री, लष्करी अधिकारी, त्यांच्या बायका, ज्याला त्याला आपली तसबीर दिवाणखान्यात हवी असे. तेव्हा छायाचित्रे नव्हती, फोटोचा शोध लागायला आणखी ऐंशी वर्षे होती. म्हणून गेन्सबरो पोटासाठी चेहरे काढी आणि हौसेसाठी राने. पुढे नावलौकिक झाल्यावर एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केले आहे की, या तसबिरींचा आपल्याला कंटाळा आला आहे, आपले वाद्य काखोटीला मारून कुठल्या तरी गोड खेड्यात निघून जावे आणि तेथे निसर्गचित्रे रंगवीत राहावे असे वाटते. त्याला संगीताचेही वेड होते. आपल्या सारंगीच्या आकाराहून बरेच मोठे, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचे एक तंतुवाद्य तो वाजवी.

या अडचणीतून त्याने एक तोड काढली, ती म्हणजे माणसाला उचलून रानात नेऊन बसवायचे. त्याने तरुणपणी, १७५० च्या सुमारास, अँड्र्यूज नावाच्या जमीनदार जोडप्याचे चित्र काढले. त्यात नवरा-बायको एका बाजूला झाडाखाली आहेत आणि उरलेली निम्मी चौकट त्यांच्या शेताने भरली आहे. कापलेल्या गव्हाच्या पेंढ्या उभ्या रचल्या आहेत आणि धसकटे सरळ ओळींत आहेत. जाणकार सांगतात की या ओळी पेरणीयंत्राच्या आहेत. जेथ्रो टल नावाच्या माणसाने त्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात पेरणीचे यंत्र काढले होते, आणि मुठीने बी फेकण्याऐवजी ओळीने पेरणे ही तेथे प्रगत शेतकऱ्याची खूण समजली जाई. आपल्या शेतकऱ्याला याचे थोडे हसू येईल, कारण पाभर आणि तिफण आपल्याकडे कितीतरी आधीपासून चालत आली आहे. चाड्यावर मूठ धरणारी आपली आजी-पणजी इंग्लंडात गेली असती तर तिलाही तेथे प्रगत शेतकरी म्हणावे लागले असते! असो.

गंमत अशी की गेन्सबरोची पुष्कळशी राने खरी रानेच नव्हती. झाडे, ओढे यांची टिपणे तो बाहेर जाऊन काढी हे खरे. पण मोठ्या चित्रासाठी तो घरात टेबलावर एक छोटा देखावा मांडी. दगडाचे तुकडे, वाळलेल्या वनस्पती, शेवाळे, कोळसा, आणि पाण्याच्या जागी आरशाचे तुकडे. झाडीसाठी ब्रोकोली, म्हणजे हिरव्या फ्लॉवरसारखी एक भाजी, वापरीत असे, असेही त्याला ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. त्याचा प्रतिस्पर्धी चित्रकार सर जोशुआ रेनल्ड्स याने गेन्सबरोच्या मृत्यूनंतर १७८८ साली विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणात या टेबलावरच्या देखाव्याचा उल्लेख केला. आपल्या मुलांना याचे मुळीच आश्चर्य वाटणार नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करताना ती दुसरे काय करतात? अळीव पेरून रान उगवायचे, आरशाचा तुकडा पुरून तळे करायचे, आणि मग जमिनीवर गाल टेकून एका डोळ्याने त्यात पाहायचे, की तो किल्ला खराखुरा वाटू लागतो. हीच युक्ती या माणसाने वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत सोडली नाही.

आता थोडे तैलचित्राविषयी. त्याशिवाय या चित्रातली एक महत्त्वाची गोष्ट कळायची नाही. तैलरंग म्हणजे रंगाची भुकटी तेलात घोटून केलेला लेप. हे तेल बहुधा जवसाचे. तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल यासाठी चालत नाही, कारण ते ओशटच राहते. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू शोषून घेऊन हळूहळू घट्ट होते. ते वाळते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही, जागच्या जागी कातड्यासारखे बनते. सुताराच्या हाताखाली काम केलेल्यांना किंवा बैलगाडीच्या लाकडाला हे तेल पाजलेल्यांना हा अनुभव असेल. तेल सावकाश वाळते म्हणून चित्रकाराला सवड मिळते. गालावरचा उजेड आणि सावली एकमेकांत मिसळता येते, चुकले तर पुसता येते, आणि थर वाळल्यावर त्यावर दुसरा पातळ थर देऊन खालचा रंग झिरझिरीत पडद्यातून दिसावा तसा दाखवता येतो. आपल्याकडची जुनी चित्रे बहुतेक डिंकाच्या पाण्यात कालवलेल्या रंगांची, ती कागदावर किंवा भिंतीवर. म्हणून त्यांची रेघ सुबक, रंग सपाट आणि स्वच्छ. तेलाची ही पाश्चात्त्य रीत पुण्याच्या दरबाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस जवळून पाहिली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस उतरला आणि पुढे पुण्याला येऊन त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे तैलचित्र केले. नानांचा जो कृश, गंभीर चेहरा आपण पाठ्यपुस्तकांत पाहत आलो, त्याच्यामागे वेल्सच्या कुंचल्याचा मोठा वाटा आहे.

तर तैलचित्र असे थराथराने चढत जाते. आधी लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाला अस्तराचा रंग, मग आकृतीची ठोकळ मांडणी, मग चेहरा, मग कपडे, शेवटी बारकावे. गेन्सबरोच्या मुलींचे हे चित्र मध्येच थांबले आहे. ते अपुरे आहे. चेहरे पुरे झाले आहेत, गालांवरची लाली अगदी ओली वाटावी अशी आहे. पण झग्यांवर कुंचला नुसता सपासप फिरला आहे. घडी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली याचा हिशेब नाही, काही ठिकाणी रंग इतका विरळ आहे की खालचे अस्तर डोकावते. मागची झाडी तर नुसती सुचवलेली.

ते अपुरे का राहिले? याचे कारण कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि मला त्याची फारशी गरजही वाटत नाही. गिऱ्हाइकाचे चित्र अपुरे ठेवून चालत नाही, रेशमाची प्रत्येक सुरकुती आणि किनारीचा प्रत्येक टाका मोजून घेणारे लोक असतात. येथे गिऱ्हाईकच नव्हते. बापाला जे हवे होते ते मिळाले, तेव्हा हात थांबला असावा. आणि झाले ते बरे झाले असे माझे मत आहे. धावणाऱ्या मुलाचे कपडे आपल्या डोळ्यांना तसेच दिसतात. चेहरा तेवढा नेमका दिसतो, बाकी सारी फरफर. किनार नीट रंगवली असती तर मुली उभ्या राहिल्या असत्या. आता त्या पळत आहेत.

त्या काळी मुलांची चित्रे निघत नव्हती असे नाही. राजेरजवाड्यांच्या मुलांची पुष्कळ निघत. पण ती पाहिली की जीव गुदमरतो. सात वर्षांचा मुलगा कमरेला तलवार लावून, एक पाय पुढे टाकून, सेनापतीच्या थाटात उभा. मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस, घराण्याचा पुढचा वारस, अशी ती दृष्टी. अठराव्या शतकात ही दृष्टी हळूहळू पालटू लागली. लॉक या इंग्रज विचारवंताने १६९३ सालीच मुलांच्या शिक्षणावर पुस्तक लिहून मुलाच्या खेळाला आणि कुतूहलाला मान द्यावा असे सांगितले होते. फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या रूसोचा 'एमील' हा ग्रंथ १७६२ साली निघाला, आणि मुलाला पुस्तकाआधी निसर्गाच्या हाती सोपवावे या त्याच्या म्हणण्याने युरोपभर खळबळ उडाली. त्यानंतर मुलांना बागेत, रानात, कुत्र्यामांजरांबरोबर रंगवण्याची चढाओढच लागली. आपले चित्र 'एमील'च्या सहा वर्षे आधीचे आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. आपली पोर फुलपाखरामागे धावते तेव्हा ती कोणाची वारस नसते, ती फक्त धावत असते. हे कळायला बापाला ग्रंथाची वाट पाहावी लागली नाही.

त्या घरात आणखी एक गोष्ट घडून गेली होती. या दोघींच्या आधी गेन्सबरोला एक मुलगी झाली होती. तिचेही नाव मेरी. ती तान्हेपणीच, १७४८ साली गेली. त्याच सुमाराचे एक लहानसे चित्र आहे, त्यात तरुण गेन्सबरो आणि त्याची बायको झाडाखाली बसली आहेत आणि मध्ये एक चिमुकली मुलगी आहे. ती बहुधा हीच. दोन वर्षांनी पुन्हा मुलगी झाली, तेव्हा आईबापांनी तिला गेलेल्या मुलीचेच नाव दिले. तेव्हा तेथे अशी चाल होती, आणि आपल्याकडेही गेलेल्या माणसाचे नाव ठेवण्याची चाल आहेच. म्हणजे चित्रातली मेरी ही दुसरी मेरी. देवी, गोवर, घटसर्प यांच्या त्या काळात कोणत्याही बापाला मुलांचा भरवसा नसे. फुलपाखराचे आयुष्य थोडे, हे बापाने पोरीसमोर फुलपाखरू रंगवताना मनात आणले असेल का? असेल. पण चित्रात सुतकी काहीही नाही, हे त्याचे मोठेपण. ते फुलपाखरूही काही दैवी वगैरे नाही. कोबीवर अंडी घालून जाणारे साधे पांढरे फुलपाखरू आहे. ज्यांनी कोबी लावली आहे ते त्याच्या अळीला चांगले ओळखतात.

गेन्सबरोने पुढे, म्हातारपणाकडे झुकल्यावर, खेड्यातल्या गरीब मुलांचीही चित्रे काढली. १७८२ सालचे डुकरे राखणाऱ्या मुलीचे चित्र त्यांतलेच. त्याची किंमत त्याने साठ गिनी सांगितली होती, ते सर जोशुआ रेनल्ड्सने शंभर गिनी देऊन घेतले. १७८५ सालचे दुसरे एक आहे. त्यात अनवाणी, फाटक्या कपड्यांतली एक मुलगी पाणी आणायला निघाली आहे. एका हातात फुटका घडा, दुसऱ्या हाताशी कवटाळलेले कुत्र्याचे पिल्लू. चित्र देखणे आहे यात शंका नाही. पण मला ते पाहताना थोडे अवघड वाटते. ज्यांच्या दिवाणखान्यात ते लागायचे त्यांच्याच जमिनीवर ही मुले पाणी वाहत होती, आणि फुटक्या घड्याचे दुःख त्यांना चित्रात गोड लागत होते. आपल्याकडच्या दिनदर्शिकांवरही डोक्यावर घागर घेतलेली खेडवळ मुलगी अशीच हसत असते. तिला विहीर किती लांब आहे हे कोणी विचारत नाही. मेरी-मार्गारेटच्या चित्रात ही अडचण येत नाही. तेथे चित्रकार कोणाला काही विकत नाही.

शिक्षक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. या चित्राची छापील प्रत मिळाली तर ती वर्गात दाखवताना चित्रकाराचे नाव, साल, काही सांगू नका. आधी डाव्या कोपऱ्यातले फुलपाखरू कागदाच्या तुकड्याने झाका आणि विचारा, या मुली काय करीत आहेत? मुले नाना उत्तरे देतील. कोणी म्हणेल भीक मागत आहेत, कोणी म्हणेल आंधळी कोशिंबीर. मग कागद काढा. मग दोन मुलींना पुढे बोलावून तसे उभे राहायला सांगा, एकीने झेपावायचे आणि दुसरीने तिचा हात धरून मागे राहायचे. त्या दोघी लगेच सांगतील की मागे राहणाऱ्या मुलीच्या खांद्याला ओढ बसते. ती ओढ गेन्सबरोने रंगवली आहे. आणि हे झाल्यावर तरी कृपा करून मुलांना फळ्यावरचे फुलपाखरू उतरवून काढायला लावू नका, त्यांना बांधावर घेऊन जा.

आता त्या दोघींचे पुढे काय झाले ते सांगतो. १७५९ साली गेन्सबरो बाथ या श्रीमंतांच्या हवा खायच्या गावी राहायला गेला आणि तेथे त्याचे भाग्य उघडले. मुलींना त्याने पुन्हापुन्हा रंगवले. एका चित्रात त्या मोठ्या झाल्या आहेत आणि मार्गारेटपाशी एक मांजर आहे. ते मांजर नुसत्या पुसट रेषांत राहिले, कारण हेही चित्र अपुरेच. पुढे रेशमी वस्त्रांतल्या तरुण स्त्रिया म्हणूनही त्या त्याच्या चित्रांत येतात. १७६४ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, दोघींना आपण निसर्गचित्रे काढायला शिकवीत आहोत, आणि तेही पंख्यांवरच्या नक्षीपेक्षा वरच्या दर्जाचे. चहाच्या बैठकीत मिरवायला नव्हे, तर वेळ आलीच तर चार घास मिळवता यावेत म्हणून. अठराव्या शतकातल्या बापाच्या तोंडी मुलींविषयी हे बोलणे दुर्मिळ होते. आपल्याकडे त्यानंतर शंभर वर्षांनीदेखील ते धीट ठरले असते.

पण ते साधले नाही. १७७१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मेरीला मनाचा आजार झाला. त्यातून ती सावरली. १७८० साली तिने योहान क्रिस्तियान फिशर या जर्मन वादकाशी लग्न केले. तो ओबो नावाचे, आपल्या सनईच्या जातीचे वाद्य वाजवी, आणि गेन्सबरोच्या संगीताच्या बैठकीतला होता. बापाच्या मनाला हे लग्न रुचले नव्हते, पण गोष्टी इतक्या पुढे गेल्यावर आपण नाही तरी कसे म्हणणार, अशा अर्थाचे त्याने आपल्या बहिणीला कळवले. लग्न काही महिन्यांतच मोडले. मेरी माहेरी परत आली, आणि तिचा आजारही परत आला.

हे कळल्यावर काही लोक फुलपाखराच्या चित्रात पुढचे सारे शोधू लागतात. मेरीच्या थबकण्यात आजाराची चाहूल, काट्यात पुढचे दुर्दैव, असे. मला हे पटत नाही. १७५६ सालच्या बापाला १७८० साल ठाऊक नव्हते. त्याने पाहिल्या त्या दोन धडधाकट मुली आणि एक काटेरी झुडूप. चित्राला तेवढेच माहीत आहे, आणि आपणही त्याच्यावर जास्तीचे ओझे लादू नये.

गेन्सबरो २ ऑगस्ट १७८८ रोजी लंडनमध्ये वारला. त्यानंतर दहा वर्षांनी मुलींची आईही गेली. मार्गारेटने लग्न केले नाही. लहानपणी जी झेपावत होती आणि जिला थोरलीने मागे धरले होते, तिनेच आता थोरलीला सांभाळायला घेतले. दोघी बहिणी एका घरात राहत, पुढे लंडनजवळच्या ॲक्टन या गावी. त्यांच्याकडे फार कोणाचे येणे-जाणे नसे. वडिलांची बरीच चित्रे त्यांच्याच भिंतींवर होती. मार्गारेट १८२० साली वारली. मेरी तिच्यामागे आणखी सहा वर्षे जगली.